दिवा विझला, हवा नाही भरली

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे, हवेचा. गाडीच्या टायरच्या आत, व्हॉल्व्हला चिकटून बसलेला सेन्सर.

कारखान्यात पोटात बॅटरी घालून मला कायमचं सीलबंद केलं आणि या अंधारात बसवलं. हवा कमी झाली की चालकासमोरचा दिवा लावायचा, एवढंच माझं काम. गाडीचे मालक बाबा पूर्वी माझं तोंडभरून कौतुक करायचे. हल्ली दिवा लागला की म्हणतात, "म्हाताऱ्याला भास होतात." सतत अंधारात बसून स्वभाव संशयी होतो, हे मान्य. पण भास? अहो, मी हवा स्वतः अंगावर झेलून मोजतो.

माझा खरा संशय शेजारच्या गाडीवर. ती बाबांच्या लेकीची, नवी कोरी. तिच्या चाकांत माझ्यासारखं कुणी नाहीच. तिथली यंत्रणा नुसते चाकांचे फेरे मोजते. एका चाकातली हवा उतरली की ते इतरांपेक्षा जास्त फिरतं, तेव्हा तिला कळतं. पण चारही सारखीच बसली तर? शिवाय तिला एक बटण आहे. ते दाबलं की आत्ता असेल तीच हवा बरोबर, असं ती निमूट मानते. असल्या आज्ञाधारकांवर माझा काडीचा विश्वास नाही.

थंडी वाढली, टायरमधली हवा आकसली. त्या सकाळी लेक तान्ह्या बाळाला घेऊन हायवेने सासरी निघाली होती. तिची वाट मोकळी करायला बाबांनी आमची गाडी सुरू केली. माझा दिवा पेटलेला, तिच्या गाडीचा विझलेला. 

"तुझी गाडी शहाणी बघ," बाबा म्हणाले. "आमचा म्हातारा पुन्हा बोंबलतोय."

"माझाही लागला होता मागे," बाळाचा पट्टा लावत ती म्हणाली. "बटण दाबलं, गेला."

"हवा भरलीस?"

"दिवा गेला ना बाबा, मग कशाला?"

बाबा थबकले. डिकीतून हवा मोजायचं गेज काढून त्यांनी आधी माझं चाक मोजलं. मी खोटा नव्हतो. मग तिची चारही मोजली. मागच्या चाकापाशी वाकून पुन्हा मोजलं; हवा जेमतेम निम्मी होती.

"बाळाला खाली घे," एवढंच म्हणाले.

लेक उशिरा निघाली, पण हवा भरून निघाली.

मित्रांनो, माझी बॅटरी आता संपत आलीय. मी गप्प झालो की दिवा आधी लुकलुकेल, मग पेटूनच राहील. त्यावर चिकटपट्टी लावू नका. आणि लेकीच्या गाडीतल्या यंत्रणेवर नको, तसा माझ्यावरही डोळे मिटून विश्वास नको. निघण्याआधी जरा वाकून स्वतः हवा मोजा. गाडीत कोण बसलंय, ते आम्हा दोघांनाही दिसत नाही.