चुन्याच्या निवळीवरची साय

केशोरीत समुद्राच्या पाण्यावाचून कोणाचं काही अडत नाही. अडतं ते एकट्या माझ्या मेहुण्याचं, धनेंद्र बिसेनचं. त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे आणि घरात चारशे लिटरची काचेची टाकी आहे. नागपूरहून खास मीठ आणून त्यानं त्या टाकीत समुद्र केलाय आणि त्यात जिवंत प्रवाळ वाढवलेत. प्रवाळ म्हणजे दिसायला झाड, पण असतो प्राणी. माझ्या सासूबाई, सुशिलाबाई, त्याला सरळ दगड म्हणतात. "दगड पोसून राहिला माहा पोरगा," हे त्या जावयालाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात.

गेल्या डिसेंबरात या घरात दोन गोष्टी झाल्या. धनेंद्रला मुलगी झाली, आणि टाकीतल्या पाण्याचा पीएच उतरायला लागला. मुलीचा आनंद सगळ्यांना होता, पीएचची काळजी त्याला एकट्याला. त्यानं ती माझ्यावर टाकली, कारण मी अर्जुनीला बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. कोणाचा तरी जीव धोक्यात आहे हे आम्ही दोघांनी बरोबर ओळखलं. कोणाचा, ते चुकलो.

धनेंद्रच्या बायकोला, गुंजनला, आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून घरातली सगळ्यात बंदिस्त खोली हवी, आणि ती नेमकी टाकीची निघाली. टाकी हलवायची तर सहा माणसं लागतात. म्हणून खाटच टाकीसमोर आली आणि खाटेखाली आली गोरसी, निखाऱ्यांनी भरलेली मातीची शेगडी. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला तिचा शेक देतात, वर ओव्याची धुरी. खिडक्यांच्या सरकत्या काचा सासूबाईंनी लावून घेतल्या आणि उरलेल्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. काम चोख होतं.

तेव्हापासून रोज सकाळी मला धनेंद्रचा मेसेज यायचा. पाणी आठ पॉइंट दोनच्या आसपास हवं. त्याचा मेसेज आठचा, मग सात पॉइंट नऊचा, मग सात पॉइंट आठचा. मी एकही प्रश्न न विचारता सांगितलं, सोडा घाल. माझे विद्यार्थी प्रश्न पुरता न वाचता असंच उत्तर ठोकतात, आणि मी त्यांचे मार्क कापतो. सोडा घातला की आकडा दुपारी चढायचा, दुसऱ्या सकाळी आणखी खाली यायचा. मी चमचे वाढवत गेलो. पाचव्या दिवशी पाण्यात सोडा इतका झाला की प्रवाळांची टोकं जळून पांढरी पडली. मग मी म्हणालो, चुन्याची निवळी करून थेंबथेंब सोड. तंबाखूच्या खर्ऱ्यासाठी डबीत ठेवतात तो चुना नको, शुद्ध आण. आपल्या विद्येवर माणसाचा किती विश्वास असावा!

रविवारी नऊच्या सुमारास मी स्वतःच गेलो. दार उघडताच उबदार, जड हवा अंगावर आली. गुंजन भिंतीला टेकून बसली होती, कपाळाला फडकं बांधलेलं.

"डोकं ठणकून राहिलं भाऊजी, चार दिवसांपासून," ती म्हणाली.

"बाळंतपनात दुखतेच," सासूबाई म्हणाल्या, आणि कौतुकानं बाळाकडे बोट केलं. "पोट्टी पाहा किती शांत हाये. रडतच नाई. दूध प्याले बी उठवा लागते तिले. बापावर गेली."

मी मान डोलावली. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी मोठा शहाणा ठरलो. मी मान डोलावली आणि टाकीकडे गेलो.

टाकीशेजारी बादलीत निवळी ठेवली होती. तिच्यावर पांढरी साय धरली होती, तापवलेल्या दुधावर धरते तशी.

"सात वाजता केली तवा साफ होती," धनेंद्र म्हणाला. "चुनाच खराब भेटला वाटते."

मी साईला बोट लावलं. ती पापुद्र्यासारखी फुटली. दरवर्षी वर्गात मी पोरांना चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकायला लावतो. निवळी पांढरी होते, पोरं टाळ्या वाजवतात, मी फळ्यावर कार्बन डायऑक्साइड लिहितो. बावीस वर्षं. चुना खराब नव्हता. त्या निवळीत कोणीतरी फुंकत होतं, टाकीतही फुंकत होतं, म्हणून पीएच उतरत होता, आणि आम्ही त्या फुंकरीवर सोड्याचे चमचे ओतत होतो.

मी वाकून खाटेखाली पाहिलं. निखारे छान फुलले होते. बंद खोलीत निखारे आणखीही एक वायू सोडतात, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, आणि निवळीत तो दिसतही नाही. आधी तो डोकं दुखवतो, मग झोप आणतो.

"मामी, खिडकी उघडा," मी म्हणालो. सासूबाईंना मी मामी म्हणतो.

"कायले? दगडाले हवा पाह्यजे म्हनून माह्या बाळंतिनीले वारा लावता का?"

"दगड गेला खड्ड्यात. खिडकी उघडा."

जावयानं सासूशी असं बोलायचं नसतं, आणि बाळंतिणीच्या खोलीत तर जावयाला मतच नसतं. पण मला भीती वाटली होती. कोणी काही म्हणायच्या आत मी बाळ उचललं आणि अंगणात आलो. तिची मान माझ्या हातावर कलंडली. उन्हात आणलं तरी तिनं डोळे उघडले नाहीत.

मागून सासूबाई ओरडत आल्या, "थंडीत कुठी नेता पोट्टीले?" धनेंद्र चिंध्या ओढून काचा सरकवत होता. गुंजन भिंत धरत बाहेर आली, पायरीवर बसली आणि तिथंच ओकली. मी बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि धनेंद्रला ओरडून सांगितलं, "गोरसीचा वायू बाधलाय. गाडी काढ, दवाखान्यात न्यायचंय, दोघींनाही." तो चपला न घालता धावला.

"अवो, हा धनेंद्र बी ह्याच गोरसीवर वाढला," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला, पण आता त्यात कंप होता. "दोन्ही लेकी वाढल्या. तुमची बायको बी वाढली. कोनाले काही झालं काऊन नाई मंग?"

"तेव्हा घर कौलाचं होतं मामी. सगळं कौलांतून निघून जायचं. आता वर स्लॅब आहे, खिडक्यांना काचा आहेत, आणि फटी तुम्हीच बुजवल्यात."

त्यांनी वर पाहिलं, तीन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं घातलेल्या स्लॅबकडे. शेक देण्यात त्या कुठंच चुकल्या नव्हत्या. सासूनं शिकवलं तसंच त्यांनी केलं होतं, फक्त भोवतालचं घर बदललं होतं. हे त्यांना कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बघवेना म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

त्या आत गेल्या. लुगड्याच्या पदरानं धरून गोरसी बाहेर आणली, नळाखाली ठेवली आणि नळ सोडला. निखारे चरचरले. पदराला भोक पडलं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. गुंजनसमोर जमिनीवर बसून त्या बाळाचे तळवे चोळू लागल्या. "ऊठ वो माय," एवढंच म्हणत होत्या. "ऊठ वो माय."

गाडी फाटकाशी येऊन थांबली. तेवढ्यात बाळानं तोंड वेडंवाकडं केलं, एक आचका दिला आणि ती रडायला लागली. आधी बारीक, मग गल्लीत ऐकू जाईल अशी. गुंजननं सवयीनं तिला छातीशी धरलं आणि थोपटायला लागली.

सासूबाईंनी तिचा हात धरला.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "उगी नोको करू तिले."