वाचलेले उंदीर

डॉक्टर प्रियदर्शनीनं खालची पापणी अलगद ओढली आणि कागदाची बारीक पट्टी तिच्या कडेला अडकवली.

"मिटा आता. पाच मिनिटं बोलायचं नाही, मावशी."

दगडाबाईनं डोळे मिटले. बोलायचं नाही ही अट तिला जड नव्हती. अख्खी हयात मेंढरांमागं गेलेली बाई. तिथं बोलायला होतं कोण? जड होतं ते डोळ्यांचं. दोन वर्षांपासून त्यांत वाळू भरल्यागत टोचायचं, उन्हाकडं बघवत नव्हतं. धूळ म्हणा, धूर म्हणा, वय म्हणा, डोळ्यांतलं पाणीच आटलं होतं. सुया टोचून अशा डोळ्यांना गुण येतो का, याचा अभ्यास बीडच्या एका कॉलेजात चाललाय असं कळलं, तेव्हा ती चौसाळ्याजवळच्या वस्तीवरून एसटी धरून आपली आपण आली होती. सोमवार आणि गुरुवार, पैसा लागत नव्हता. भुवईपाशी, कानशिलावर, हातावर सुया, आणि त्याआधी ही पट्टी.

"आठ!" प्रियदर्शनीनं पट्टी उजेडात धरली. "पहिल्या दिवशी तीन मिलिमीटर भिजली होती. आज आठ. तुमच्या डोळ्यांनी मनावर घेतलंय, मावशी."

माणसाच्या डोळ्यांतलं पाणी पट्टी लावून मोजतात, याचं दगडाबाईला अजूनही हसू यायचं. ती हसणारच होती, तेवढ्यात पिशवीतला मोबाइल वाजला. जीवनचा फोन होता. ती व्हरांड्यात गेली.

जीवन, तिचा थोरला, पुण्याला एका संशोधन संस्थेत उंदरांचं बघायचा. पिंजरे झाडायचे, दाणापाणी करायचं, कोण खातंय, कोण मलूल आहे ते लिहून ठेवायचं. मेंढपाळाचं पोरगं, जनावराला हात लावायला भीत नाही, म्हणून ठेवून घेतलेलं. त्या उंदरांना कॅन्सरच्या गाठी होत्या. केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढे सोन्याचे कण त्यांच्या रक्तात सोडायचे, ते गाठीत जाऊन बसले की वरून लाल उजेड मारायचा. कण तापतात आणि गाठ जळून जाते. वीस उंदरांना ते औषध दिलं होतं. तीस दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं; त्यातले सतरा तगले होते. हे सगळं दगडाबाईला तोंडपाठ होतं, कारण सुग्रीवला तोंडपाठ होतं. सुग्रीव तिचा नवरा. त्याच्या लिव्हरमध्ये गाठ होती, आणि दिवाळीनंतर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं होतं.

"माय, उंदरांचं आज संपलं," जीवन म्हणाला.

"म्हंजी?"

"सगळ्यायला मारलं."

"वाचलेल्यायला बी?"

"आतून बघावं लागतं, गाठ खरंच गेली का. नियमच हाय तसा. मला आदी ठावं नव्हतं, माय. पिंजऱ्यातून काढून म्याच दिले एकेक. माझा हात वळखीत होते."

दगडाबाई भिंतीला टेकून उभी राहिली.

"औषिद चांगलं हाय. पर मान्साला मिळायला धा-बारा वर्सं लागतील म्हनत्यात. आबाला सांगू नगं."

"बरं," ती म्हणाली, आणि सुया टोचून घ्यायला आत गेली.

ती वस्तीवर परतली तेव्हा सुग्रीव पडवीत बाजेवर पडला होता. ती बीडला गेली की शेजारच्या घरातली जाऊ, सुनिता, त्याच्यावर लक्ष ठेवायची. मेंढरं आता धाकट्या भावाकडं होती. चाळीस वर्षं रोज कळप मोजून पाठ टेकणारा माणूस. मोजायला काही उरलं नाही म्हणून तो पुण्याचे उंदीर मोजायचा. "आज किती?" "सतरा." एवढं झालं की मग दूध. आकडा कळल्याशिवाय भांडं तोंडाला लावायचा नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्या घराची सगळी भिस्त सतरा उंदरांवर होती.

आणि गोम अशी की त्यांच्या मेंढपाळांत रोगातून उठलेलं मेंढरू कापत नाहीत, विकतही नाहीत. त्याच्या कानाला हळद लावून त्याला मोकळं सोडतात. म्हातारं होऊन मरेपर्यंत ते कळपात फिरतं, कुणी त्याला बोट लावत नाही. पुण्याच्या शिकल्यासवरल्या लोकांना एवढं तर कळतच असणार, हे सुग्रीवनं धरून ठेवलं होतं. वाचलेल्या जिवावर कोण सुरी चालवतं? तीस दिवस झाले की उंदीर सोडतील. उंदीर सुटले म्हणजे औषध पास. औषध पास झालं की पोरगा एक दिवस गाडी घेऊन दारात.

"झाले का तीस दिस?" तिनं पिशवी ठेवायच्या आत त्यानं विचारलं.

"झाले."

"मंग? सोडले का?"

"सोडले."

"सतरा बी?"

"सतरा बी."

"कुठं?"

एवढं काही तिनं ठरवून ठेवलं नव्हतं. "मागं रान हाय म्हनं त्यांचं. तितं."

"रानात उंदीर सोडले?" सुग्रीव हसला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. "पीक खातील की सगळं! शिकलेली मान्सं बी कावून अशी करत्यात?"

ठसका थांबल्यावर तो म्हणाला, "इकडं बग."

मेंढराच्या डोळ्यांत बघून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस तो. बायकोचे डोळे वाचणं त्याला काय अवघड होतं? दगडाबाईनं सरळ त्याच्याकडं बघितलं. डोळे कोरडे ते कोरडेच. दोन वर्षं ज्या डोळ्यांना तिनं शिव्या घातल्या, त्यांचे आज तिला उपकार वाटले.

"आन दूद," तो म्हणाला.

मंगळवारी त्यानं विचारलं, उंदीर परत कुणाला दिसले का. एक दिसला, ती म्हणाली, बांधाला पळत होता. बुधवारी दोन दिसले. खोटं बोलायला सुरुवात केली की त्याला रोज चारा घालावा लागतो, हे तिला नव्यानं कळत होतं. बुधवारी दुपारी भाकरी थापताना तिच्या मनगटावर एक थेंब पडला. तिनं छपराकडं बघितलं. छपरावर कडक ऊन होतं. मग दुसरा थेंब पडला. तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि घाबरून पडवीकडं बघितलं. सुग्रीव झोपला होता. देवानं द्यायचं तेव्हा दिलं नाही आणि आता नेमकं देतोय, याचा तिला राग आला.

गुरुवारी ती बीडला गेली नाही. अकराच्या सुमाराला फोन वाजला. तिला कमी ऐकू यायचं म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू असायचा.

"मावशी, आज आला नाहीत?" प्रियदर्शनी विचारत होती.

"आता न्हाई यायची. गुन येईना."

"गुण येईना? अहो, तीनावरून आठावर गेलंय! इतका फरक तर दुसऱ्या कुणाला नाही."

"नाव काडा माजं, बाई."

"कारण तरी सांगा. मला लिहावं लागतं."

"घरी काम हाय," दगडाबाई म्हणाली, आणि चाचपडत फोन बंद केला.

सुग्रीव तिच्याकडं बघत होता. दूर कुठंतरी भावाची मेंढरं ओरडत होती. मग त्यानं मान फिरवून अंगणाकडं नजर लावली. ह्या वेळी त्यानं तिला इकडं बघ म्हटलं नाही.

"गुन आला म्हनून सोडलंस ना?"

तिनं फोन पिशवीत टाकला.

"डोळ्याला पानी यायलंय. अन् ते माज्यासमूर यायला नगं." त्यानं दम घेतला. "न्हाई सोडले त्या उंदरायला."

"न्हाई," दगडाबाई म्हणाली.

"पोरानंच काडून दिले?"

"त्यानंच."

"लई लागलं आसंल त्याला." तो उताणा होऊन छताकडं बघत राहिला. त्याच्या पोटावरची गोधडी वरखाली होत होती. "त्याला सांग, आबा आता उंदरांचं इच्यारीत न्हाईत म्हनावं. रोज फोनवर काय सांगायचं, म्हनून जीव खाईल सोताचा."

"सांगते."

"फुडची गाडी कवा हाय?"

"साडेबाराला."

"मंग जा."

"तुमाला आसं टाकून?"

"सुनिताला हाक मार. जा, टोचून घे सुया," सुग्रीव म्हणाला. "तू येस्तवर हाय मी."