ओतायच्या खोलीतली बडबड

आमच्या प्रयोगशाळेत मला सगळे भोंगा म्हणतात. पाठीमागे म्हणतात आणि तोंडावरही म्हणतात. मी काय म्हणून रागावू? आवाजच आहे माझा तसा.

आमचं काम म्हणजे जंतूंचा स्वयंपाक. रुग्णांचे नमुने येतात, त्यांतले जंतू वाढवून बघायचे असतात, आणि वाढायचं तर त्यांनाही जेवण लागतं. ते मी आणि ताई शिजवतो. पावडर पाण्यात कालवायची, भल्या मोठ्या कुकरमध्ये वाफवून त्यातला झाडून सगळा जीव मारायचा, हाताला सोसेल इतपत निवलं की मेंढीचं रक्त घालायचं आणि झाकणाच्या चपट्या बशांमध्ये ओतायचं. जेलीसारखं थिजतं. या बशांना आम्ही प्लेटा म्हणतो. रात्रभर उबदार कपाटात ठेवायच्या. सकाळी कोऱ्या निघाल्या तर वापरायच्या, ठिपके दिसले तर फेकायच्या. आधीच कुणी उपटसुंभ जेवायला बसलेला असेल, तर त्यात रुग्णाचा जंतू कुठला हे कोण सांगणार?

आणि गेले काही दिवस बघावं तेव्हा उपटसुंभच!

आता ताईंविषयी. माझ्याहून वयानं मोठ्या, हात असा स्थिर की ओतताना एक बुडबुडा येणार नाही. पण कान गेले. आधी नुसतं कमी ऐकू यायचं, हल्ली तर गेलेच म्हणा. ही गोष्ट आम्हा दोघींच्याच पोटात होती. ओतायच्या खोलीत निभून जायचं. कुकर झाला की मी सांगायची, कुणी हाक मारली की मी ओ द्यायची. पण उद्या कुणी त्यांना नमुने घ्यायच्या खिडकीवर बसवलं तर? काचेपलीकडून लोक नाव सांगणार, वय सांगणार आणि ताई नुसत्या बघत राहणार. दोन दिवसांत घरी पाठवतील त्यांना. ताई नसलेली ती खोली माझ्या डोळ्यांसमोरसुद्धा येत नाही.

नव्या मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख. डॉक्टर बाई हुशार, पण पिच्छा पुरवणारी. त्यांनी खोलीत जागोजागी प्लेटा उघड्या ठेवल्या, खिडकीशी, नळाशी, कपाटावर. हवेतून काय पडतं ते बघायला. तिथे इनमीन दोन-चार ठिपके. आमच्या ओतायच्या टेबलावरच्या प्लेटेत मात्र जत्रा भरलेली! मग आम्हा दोघींची बोटं प्लेटेवर टेकवून घेतली. माझ्या बोटांखाली पांढरे ठिपके उगवले, ताईंच्या बोटांखाली जवळजवळ काहीच नाही.

"बघा!" मी म्हटलं. "आहेत का असे हात कुणाचे?"

मॅडम म्हणाल्या, "हात चांगलेच आहेत. पण ताई रजेवर होत्या तेव्हा सगळ्या प्लेटा कोऱ्या निघाल्या. उद्यापासून ताई खिडकीवर बसतील."

मॅडमच्या तोंडावर मास्क, त्यामुळे ताईंना काय कळणार? त्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता!

"का म्हणून? हात स्वच्छ निघाले ना त्यांचे?"

"हे हातावरचे नाहीतच." मॅडमनी प्लेट उजेडात धरली. "बारीक ठिपका आणि भोवती हिरवट कडं. हे तोंडात आणि घशात राहतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. तिथे गपगुमान असतात. आपण बोललो की थुंकीचे शिंतोडे उडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक, आणि हे त्यांत बसून प्रवास करतात. इथे पडले की रक्त आहे, ऊब आहे, मग काय विचारता. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि सकाळपर्यंत इतके लाखो की त्यांचा ढीग आपल्याला ठिपका म्हणून दिसतो. ताईंचा घसा बिघडला असेल."

अगं बाई! घसा कसला ताईंचा? ताई माझ्या ओठांवरून ऐकतात. त्यांना काही सांगायचं म्हणजे मी मास्क हनुवटीवर ओढते आणि सुरू होते, समोर प्लेटा उघड्या. त्या रजेवर असल्या की मास्क जागेवर. काखेत कळसा न् गावाला वळसा!

पण सांगायचं कसं? मास्क का खाली येतो हे सांगितलं तर ताईंचे कान उघडे पडतात, आणि गप्प बसले तर उद्या त्या खिडकीवर. मी मास्क खाली केला.

"मॅडम, ते जंतू माझे. मला मास्क काढून बडबडायची खोड आहे. मला बसवा खिडकीवर."

"मग ताई नसताना का नाही काढत?"

"एकटी काय भिंतीशी बोलू?"

"मास्क लावूनही बोलता येतं की. तुमचा आवाज तर जिन्यापर्यंत जातो."

तेवढ्यात ताई पुढे आल्या. माझं बोलणं त्यांनी ओठांवरून टिपलं होतं.

"मला ऐकू येत नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "ही माझ्यासाठी तोंड उघडं ठेवते. तिला काही बोलू नका. मी जाते खिडकीवर."

मला रडूच आलं. मॅडम काही बोलणार, इतक्यात दारातून नमुन्यांचा ट्रे घेऊन आलेला खिडकीवरचा कारकून म्हणाला, "म्हणजे हे गुपित होतं होय?"

"म्हणजे?" मी ओरडले.

"अहो भोंगाबाई, 'ताई, कुकर झाला' हे तुम्ही ज्या पट्टीत सांगता ना, तसं ऐकू येणाऱ्या माणसाला कुणी सांगतं का? खालचा पहारेकरीसुद्धा ओळखून आहे."

"मग मला कसं नाही कळलं?" मॅडम म्हणाल्या.

"तुम्ही नव्या. आम्ही ठरवलं होतं, मॅडमना कळू द्यायचं नाही."

मॅडम स्टुलावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. मग प्लेटांपासून लांब जाऊन त्यांनी मास्क उतरवला आणि ताईंकडे तोंड करून म्हणाल्या, "खोली तुमचीच. हिचा मास्क खाली आला की चांगला चिमटा काढा."

आता आमच्या खुणा ठरल्यात. कुकर झाला की मी मूठ उघडते, रक्त हवं असलं की मनगटावर टिचकी. एवढ्याशा खुणांत माझी बडबड कुठली मावायला? ताई मात्र बोलतात, मास्कच्या आतून, मजेत. पहिल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सायकल शिकवल्याची गोष्ट सुरू केली. तो भाजीवाल्यावर आदळला तोवर हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. इतकी वर्षं मी या बाईला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं हो!

दुसऱ्या सकाळी मी उबदार कपाट उघडलं. एकेक प्लेट उजेडात धरली. कोरी, कोरी, ही पण कोरी! मला खिडकीत जाऊन बोंब ठोकायची होती. मास्क घट्ट, ओठ घट्ट, मी नुसती ताईंसमोर प्लेटा धरून उभी राहिले.

ताईंनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"ऐकू आलं गं," त्या म्हणाल्या.