शिवेवरच्या नाक्याचा दांडा

मी एक जुना नाक्याचा दांडा आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐका, पण मला हात लावू नका. मला माझीच किळस येते.

वऱ्हाडातल्या धाड गावाच्या पलीकडे एका लहानशा गावाच्या शिवेवर माझी नेमणूक होती. मी बाभळीचा. सुताराने मला तासलं, लाल-पांढरे पट्टे ओढले आणि बुडाला दगड बांधला, म्हणजे एका हाताने उचलता यावं. माझ्या अलीकडे वऱ्हाड, नागपूरच्या सरकारचा मुलूख. पलीकडे निजामाची मोगलाई. माती दोन्हीकडे तीच काळी, कपाशी तीच, बोलीही तीच. पलीकडून वरात आली की सीमांतपूजन माझ्याजवळच व्हायचं. नवरदेवाला ओवाळताना बायका मलाही कुंकू लावायच्या आणि मी फुगून जायचो. गावची सत्यभामा अशाच एका वरातीबरोबर पलीकडे नांदायला गेली.

देश स्वतंत्र झाला तेव्हा वाटलं, आता माझी सुट्टी. झालं भलतंच. निजाम देशात सामील व्हायला तयार होईना आणि मोगलाईत त्याच्या रझाकारांनी धुमाकूळ घातला. माणसं जीव मुठीत धरून इकडे पळू लागली आणि गावाने ठरवलं, तिकडच्या पाटलाच्या दाखल्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही. न जाणो, एखादा रझाकार घुसायचा! नाका गावातल्याच भगवंतरावाकडे आला. छातीवर तिरंग्याचा बिल्ला लावून तो दिवसभर माझ्यावर कोपर टेकून उभा असायचा.

श्रावणातल्या एका सकाळी सत्यभामाबाई आली. भगवंतरावाची ही थोरली बहीण. दिवस भरलेले, पाय सुजलेले. दीर तिला शिवेपर्यंत पोचवून बाकीच्यांना आणायला माघारी गेला होता. ती बाळंतपणाला माहेरी आली होती, एवढंच.

“भगवंता, उचल दांडा. कळा येऊन राह्यल्या मले.”

“बाई, दाखला हाये काय?”

“दाखला? मी तुही कोन व्हय?”

भगवंतरावाने सोबतच्या चार जणांकडे पाहिलं. “गावानं ठरोलं, बाई. मी काय करू? तू आता तिकडची झाली.”

ती मला धरूनच खाली बसली. कोणीतरी गोजरबाई सुईणीला हाक मारली. म्हातारी धावत आली, कोणाला काही न विचारता माझ्याखालून वाकून पलीकडे गेली. पुरुषांनी पाठी फिरवल्या. मला पाठ नाही, मी सगळं पाहिलं. मुलगी झाली, माझ्या सावलीत, धड इकडे नाही की तिकडे नाही.

आणि मग त्या चौघांत वाद लागला. त्यातला महादेवराव म्हणाला, “डोकं इकडं पडलं. पोरगी आपल्यात धरा.”

दुसरा म्हणाला, “काऊन? माय तर तिकडं हाये!”

अंगावर पुरतं कापड न आलेल्या पोरीवरून मोठे बाप्ये हुज्जत घालत होते. मला तोंड असतं तर मी थुंकलो असतो. गोजरबाई थुंकली. हातातलं खापर तिने भगवंतरावाच्या नाकासमोर धरलं. त्यात नाळ होती.

“हे कुठी पुरू? इकडं का तिकडं? नाळ जिथं पुरली तिथलं मानूस, असं म्हनता ना तुमी? सांगा आता!”

 म्हातारीने खुरपं घेतलं, बरोबर माझ्याखाली खड्डा केला आणि नाळ पुरली. मग बाळंतिणीला काखेत धरून, माझ्याखालून वाकवून, पोरीसकट आपल्या घरी नेलं. मला तेव्हाही कोणी उचललं नाही.

पुढच्याच महिन्यात मोगलाई बुडाली. आता भगवंतराव चावडीवर सांगतो, “आमच्या गावानं लेकीबाळी सांभाळल्या.” लोक माना डोलावतात. सत्यभामाबाई मात्र त्याच्या उंबऱ्यावर पुन्हा चढली नाही. मला तेल लावून चावडीत उभं केलंय. यंदाच्या पंधरा ऑगस्टला मला झेंडूची माळ घातली. 

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. कुऱ्हाड आणा, माझे तुकडे करा आणि चुलीत घाला. निदान एखाद्या बाळंतिणीचं पाणी तरी तापेल.