भंगारातला सप्लाय

बेबीनंदाच्या कॉम्प्युटरनं मान टाकली ती नेमकी कापूस घरात यायच्या तोंडावर. परतुरात लाईट जाते तेव्हा गुपचूप जाते आणि येते तेव्हा मात्र व्याह्यासारखी वाजतगाजत येते. त्या दुपारी ती तशीच आली. टेबलाखाली फट्‌ झालं, जळका वास सुटला आणि टायपिंगला बसलेली कारभारी तेल्याची पोरगी ओरडत थेट अंगणात पळाली.

मेला होता तो पॉवर सप्लाय. म्हणजे बोर्डातली लाईट घेऊन कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा पत्र्याचा डबा. असे दोन आधीच गेले होते. बाजारात मिळणारे सप्लाय वजनाला पापडासारखे, आणि इथल्या लाईटपुढं पापड किती टिकणार?

पण नंदाला खरी काळजी लागली ती डब्याची नव्हे, खोलीची. लग्नाआधी ती जालन्याला कॉम्प्युटर शिकली होती. सासरी आल्यावर पुढच्या खोलीत तिनं गल्लीतल्या पोरींना शिकवायला सुरुवात केली. या पोरींचे बाप त्यांना स्टेशनकडच्या क्लासला मरेपर्यंत पाठवणार नव्हते. तिथं पोरं बसतात म्हणे! इथं मात्र दारातच नंदाची सासू तुळजाबाई पहारा देत बसलेली, म्हणून पोरी येऊ शकत होत्या. खोली दिली होती सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, पण अटीवर. "मशीन चालू हाय तवर खोली तुझी. बंद पडली की कापसाची."

कापूस एकदा घरात शिरला की भाव येईपर्यंत, म्हणजे शिमग्यापर्यंत, हलत नाही. आढ्यापर्यंत रचलेला असतो. आणि शिमग्यापर्यंत शिकायला येणाऱ्या निम्म्या पोरींना हळद लागलेली असते. नंदाला हे चांगलं ठाऊक होतं, कारण तिची स्वतःची बहीण अशीच शिकता शिकता बोहल्यावर चढली होती.

तिचा नवरा मच्छिंद्र विहिरींच्या मोटरींचं वायंडिंग करायचा, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तार भरायचा. घराला लागूनच त्याचं दुकान. तांब्याची तार आणायला तो जालन्याला गेला आणि येताना भंगाराच्या वखारीतून एक लांबडा, काळा डबा उचलून घेऊन आला. जालन्याला लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आहेत, त्यामुळे जगाचं भंगार तिथं येऊन पडतं.

"धर," तो म्हणाला. नंदाचा हात खाली गेला.

"काय जड हाय हो! कुठला?"

"सर्व्हरचा सप्लाय. आपल्या त्या पापडाच्या चौपट ताकदीचा."

सर्व्हर म्हणजे मोठ्या ऑफिसातला थोरला कॉम्प्युटर, पंगतीतल्या सगळ्यांना वाढणारा. दिवस नाही, रात नाही, सदा चालू. त्याला पोसणारा डबा असा परतूरच्या लाईटीला भिणार होता होय? नंदाला हसूच फुटलं.

ओट्यावर तंबाखू मळणारे काकासाहेब मात्र म्हणाले, "बारक्या पायपाला मोठी मोटर लावली तर पायप फुटंल की."

"न्हाई मामा," नंदा म्हणाली, "ह्ये तसं नसतंय. हांड्यात कितीबी भात असूद्या, खाणारा भुकेपुरताच घेतो. कॉम्प्युटर बी लागंल तेवढाच करंट घेतो."

"बघू," म्हणून म्हाताऱ्यानं तंबाखूची चिमूट दाढेत सारली. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही'ची धाकटी बहीण.

आता मच्छिंद्रचा एक नेम होता. कुठलंही मशीन असो, पहिल्यांदा लाईट द्यायची ती सिरीज बल्बातून. म्हणजे मशीनच्या वाटेत शंभर वॅटचा एक बल्ब बसवायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो, मशीन वाचतं. हे त्याच्या उस्तादानं शिकवलेलं आणि उस्तादाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. नंदानं सप्लायला भार म्हणून जुनी सीडी ड्राईव्ह जोडली, चालू व्हायचा इशारा देणारी हिरवी वायर काळीला टेकवली आणि मच्छिंद्रनं बल्बातून लाईट दिली.

बल्ब लुकलुकला. पंखा जरासा हलला. टक्‌. सगळं थंड.

पुन्हा दिली. लुकलुक, टक्‌, थंड.

"गेलेला हाय," मच्छिंद्र म्हणाला. "दमच न्हाई ह्याच्यात. उगीच नाही भंगारात पडला." आणि त्यानं तो डबा कोपऱ्यातल्या जळक्या मोटरींवर टाकून दिला.

ओट्यावरून आवाज आला, "कापूस येचून झाला की ट्रॅक्टर येतोय. टेबल काढून ठेवा."

नंदानं त्या संध्याकाळी भाकरी अशा थापटल्या की तुळजाबाईंनी आतून विचारलं, "परातीचं काय चुकलं गं?" काही नाही, म्हणाली ती. चुकलं कुणाचंच नव्हतं आणि तिचं मात्र सगळं हातातून चाललं होतं, हाच तर राग होता.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रला चहा द्यायला ती दुकानात गेली. तो एक नवी भरलेली मोटर तपासत होता. बल्बातून लाईट दिली तशी मोटर नुसती गुणगुणली, फिरली काही नाही. बल्ब मंद. मच्छिंद्रनं खूश होऊन मान हलवली, बल्ब काढला, लाईट थेट दिली आणि मोटर गरगरली.

नंदाच्या हातातला चहा बशीत सांडला.

"अहो, ही बल्बावर फिरली न्हाई. मंग हिला गेलेली का न्हाई म्हणलं?"

"बल्बावर कशी फिरंल? करंट पुरत न्हाई."

"आन माझ्या सप्लायला पुरतो?"

मच्छिंद्रनं कोपऱ्यातल्या डब्याकडं पाहिलं.

"शॉर्ट असता तर बल्ब पेटूनच राह्यला असता. तो लुकलुकत होता. उठायला जातंय आन बल्ब त्याचा गळा धरतोय. तुम्ही त्याला निम्मा घास देऊन राह्यले आन वरतून म्हणता, दम न्हाई!"

"थेट दिली आन फुटला तर?"

"भंगारातला हाय, भंगारात जाईल. एकला लावा आधी. माझं मशीन लांब ठेवते."

"उस्ताद म्हणायचे..."

मग मात्र नंदाचा तोल गेला. "उस्तादांचं बराबर हाय. पण बल्ब पारखायसाठी असतो, कायमचा ठेवायसाठी न्हाई! मला तरी ह्या घरात कधी थेट दिलं का? दळण झालं की शिकव, धुणं झालं की शिकव, कापूस न्हाई तवर शिकव. असं बल्बातून देऊन राह्यल्यावर कोण फिरंल?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. दुकानाच्या दारात काकासाहेब उभे होते. हातात विळा, डोक्याला फेटा, शेतात निघालेले. त्यांनी विळा या हातातून त्या हातात घेतला आणि निघून गेले.

मच्छिंद्रनं जळक्या मोटरींवरून डबा उचलला, फडक्यानं पुसला, अंगणात फरशीवर ठेवला. सगळ्यांना लांब केलं. तुळजाबाईंनी खंडोबाचं नाव घेतलं. मच्छिंद्रनं थेट लाईटीचं बटण दाबलं.

असा आवाज झाला की शेजारच्या द्वारकाबाई "गिरणी घेतली काय?" म्हणत धावत आल्या. पंखा होता तो. ऑफिसच्या बंद खोलीत राहायची सवय झालेला, घरात हळू बोलावं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पण बंद काही पडला नाही.

नंदा मात्र नाचली नाही. प्लग घुसला म्हणजे जमलं असं नसतं. तिनं मेलेल्या सप्लायचा प्लग शेजारी धरून एकेक वायर मीटरनं ताडून पाहिली. या प्लगला चार दात जास्त होते, ते बाहेर लोंबकळत राहिले. डबा कॅबिनेटात मावेना, म्हणून त्याला बाहेर पाटावर बसवला, जावयासारखा. मग तिनं डोळे मिटून बटण दाबलं.

बीप वाजला. पडदा उजळला आणि तिनं पोरींसाठी बनवलेला धडा होता तिथंच, जसाच्या तसा दिसला. मच्छिंद्रनं सिरीज बल्बाची वायर गुंडाळली आणि खुंटीला अडकवली.

पोरी परत आल्या. पंख्याच्या आवाजात शिकवायचं म्हणजे नंदाला ओरडावं लागे, आणि पोरींनाही ओरडून विचारावं लागे. घरात कधी आवाज न चढवलेल्या पोरी त्या, त्यांना ते फारच आवडलं.

आणि ट्रॅक्टर आला. अटीप्रमाणे खोली नंदाचीच होती, पण यंदा कापूस मायंदाळ झाला होता, माडी आणि पडवी भरूनही उरला. गड्यांनी पहिलं गाठोडं पुढच्या खोलीच्या उंबऱ्यावर आणून टेकवलं. त्यातून एक पुंजका सुटला आणि तरंगत सरळ पंख्याकडं ओढला गेला. नंदानं झडप घालून तो हातात धरला. गाठोडं आत आलं तर संपलंच. ती सासऱ्यांकडं बघत राहिली. मागायचं होतं ते तिचं त्या दिवशी दुकानातच मागून झालं होतं.

"थांबा रे!" काकासाहेब अंगणातून गरजले. "हितं बिलकुल टाकायचा न्हाई. त्या डब्याच्या नाकात कापूस गेला मंग?"

"मंग कुठं वतायचा, मालक?"

"माझ्या खोलीत."

तुळजाबाई दारातून उठल्याच. "आन तुम्ही निजनार कुठं?"

"कापसावर," म्हातारा म्हणाला. "जलमभर पिकवून राह्यलो, एक डाव निजून तर बघतो."

गाठोडं उंबऱ्यावरून उचललं गेलं. नंदाचे डोळे भरले, ते पोरींना दिसू नयेत म्हणून ती उगाचच त्यांच्यावर ओरडली, "माझ्याकडं काय बघता? टाईप करा!"