हवेपुरती जागा

जिनलने गादीवर वर्तमानपत्र पसरलं आणि रुमालातले काळे गोळे त्यावर ओतले. चिमट्याने एक फोडला. आतून उंदराची इवलीशी कवटी निघाली, दात शाबूत.

“ही काय घाण आणलीस पेढीवर?” लखीचंद शेठ लोडासकट हातभर मागे सरकले.

“घाण नाही, पप्पाजी. पुरावा आहे. घुबडाने ओकलेला.”

लखीचंद शेठांची धरणगावला डाळमिल. जिनल त्यांची सून, आणि मिलची चार्टर्ड अकाउंटंटही. जुनं गुदाम पाडून नवं पोलादी बांधायचं होतं. बँकेला द्यायचा अहवाल तिच्याकडे होता. निसर्ग आपलं जे काम फुकट करतो ते हिशेबात धरलं नाही तर पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते, एवढं ती पुण्याच्या प्रशिक्षणात पक्कं शिकून आली होती. म्हणून गुदामाच्या माळ्यावर राहणारी घुबडांची जोडी तिने अहवालात घेतली होती.

“ती उंदीर धरतात म्हणून आपली तूर वाचते. गुदाम पाडलं की घुबडं जातील, उंदीर राहतील. ते नुकसान मी खर्चात धरलंय.”

शेठांनी चष्मा चढवून आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

बाजूला इंजिनिअर भूपेंद्र नकाशा घेऊन बसला होता. तो म्हणाला, “त्यात काय, शेठजी? उंदरांना औषध टाकणारी माणसं लावून देतो. वर्षाचा करार.”

“औषध म्हणजे विष? बाबा रे, आम्ही जैन. पर्युषणात हिरवी भाजीसुद्धा चिरत नाही.”

“मग मांजर पाळा.”

“मांजर काय दूधभातावर राहील?”

“म्हणूनच घुबड,” जिनल म्हणाली.

शेठांनी आकड्यावर टिचकी मारली, जणू तो उडून जाईल.

“बेटा, आजवर ते घुबड आलं, गेलं, त्याने काय खाल्लं, त्याचं कर्म त्याच्यापाशी. आता तू त्याला वहीत घेतलंस. म्हणजे ते कामावर लागलं. नोकराने केलेली हत्या कोणाच्या खात्यावर जाते?”

पुण्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. जिनलने कवटीकडे पाहिलं. तिचीही काही मदत झाली नाही.

“पण मोजलं नाही, तर तुम्ही माळा पाडाल.”

“आणि मोजलं, तर मी नरकात जाईन.”

भूपेंद्रने नकाशाची सुरळी केली आणि तो चहाची वाट बघू लागला.

तेवढ्यात हमालांचा मुकादम सुपडू दारात आला. “शेठ, माळा आजच तोडाना शे का? वर पिल्लं शेतस.”

शेठ उठले आणि गुदामाकडे निघाले. बाकीचे मागोमाग. वर तुळईवर पांढऱ्या तोंडाची तीन पिल्लं ओळीने बसून खाली बघत होती, थकबाकीदाराच्या दारी आलेल्या बँकवाल्यांसारखी.

मान दुखेपर्यंत शेठ वर बघत राहिले.

“भूपेंद्र, नव्या गुदामाला हवा लागेल ना?”

“छपरावर पंखे आहेत की.”

“पंख्याची नको. खरी हवा. आढ्याजवळून.” मग सुनेकडे न बघता त्यांनी विचारलं, “हवेला केवढं भोक लागतं?”

ओठांवर आलेलं हसू जिनलने ओढणीत लपवलं.

“वीतभर, पप्पाजी. आत लाकडी पेटी असली तर हवा टिकते. आणि वरची लहान हवा उडायला लागेपर्यंत, निदान दोन महिने, माळ्याला धक्का लावायचा नाही.”

“दोन महिने?” भूपेंद्र कळवळला. “लोखंडाचा भाव कुठे जाईल, शेठजी!”

“जाऊ दे. हल्ली हवाच महाग झालीय.”

“मग अहवालात काय लिहू?” जिनलने विचारलं.

“घुबड काढ. आकडा राहू दे.”

एवढं बोलून शेठांनी हात जोडले, डोळे मिटले आणि क्षमा मागितली, “मिच्छामि दुक्कडम्.” मालकाने हात जोडले म्हटल्यावर सुपडूला राहवेना. त्यानेही टोपी काढली आणि तुळईवरच्या पिल्लांना भक्तिभावाने नमस्कार केला.

शेठांनी एक डोळा उघडला. सुपडूचे जोडलेले हात मनगटाशी धरले आणि हलकेच खाली, तुरीच्या पोत्यांकडे वळवले.

पोत्यांमागे काहीतरी खुडबुडलं.