जिताड्याचं तोंड

मासा कुणाच्या तोंडी लागला ते पुंडलिकला बरोबर कळतं, हे गडबपासून कासूपर्यंत कुणालाही विचारा. बांधावर अर्धवट खाल्लेला मासा दिसला की हा उकिडवा बसायचा, मासा उलटापालटा करायचा आणि निकाल द्यायचा. डोकं चावून शेपूट टाकलीय, खवले विखुरलेत, म्हणजे ऊद, पाणमांजर. अंगाला भोक पडलंय, म्हणजे बगळ्याची चोच. कडा कातरल्यात, म्हणजे खेकडा. गडी सहसा चुकायचा नाही, आणि तेच वाईट झालं. अधूनमधून चुकणाऱ्या माणसाचं बोलणं लोक तपासून तरी घेतात हो, याचं कोण तपासणार?

खारजमिनीतला जिताडा माशाचा तलाव पुंडलिक आणि इद्रीस यांच्या निम्म्या-निम्म्या भागीचा. पुंडलिक आगरी, इद्रीस पलीकडच्या मोहल्ल्यातला. बांध दोघांच्या बापांनी मिळून घातलेला. इद्रीसचे थोरले दोघे कतारला होते. धाकटा नावेद मात्र रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सोडून तलावाच्या मागे लागला होता. "मला नाय जायचं तिकडं, मी हितंच मासे करीन," असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं होतं. बांधावरच्या खोपट्यात राखणीला तोच झोपायचा, आणि पुंडलिकची बायको चंद्रावती त्याच्यासाठी भाकरी-कालवण पाठवायची. स्वतःचं मूल नव्हतं तिला. हा पोरगा "काकी" म्हणून हाक मारायचा तेव्हा तिला बरं वाटायचं, उगाच लपवायचं कशाला.

पावसाळ्यात धरमतरच्या खाडीतून धरून आणलेली जिताड्याची पिल्लं तलावात सोडली. दिवाळीनंतर किती वाढलीत बघायला जाळं टाकलं, तर हाताला लागली चार-दोन. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. पुंडलिक सगळा बांध फिरला. कुठे डोकं नाही, शेपूट नाही, साधा खवला नाही. पाणकावळे अडवायला तलावावर ताणलेल्या दोऱ्या शाबूत. खाडीचं पाणी आत घ्यायची उघाडी, तिची जाळीही धड. मग त्याने निकाल दिला, आणि दिला कुठे? गडबच्या नाक्यावर, चहाच्या टपरीत, भरल्या माणसांत, इद्रीस समोर बसलेला असताना.

"तोंडानं खाल्लं की कायतरी मागं राहतं," तो म्हणाला. "हितं काय म्हंजे काय राहिलं नाय. हे हाताचं काम हाय. नि राखणीला तिथं कोण झोपतो, ते मी सांगायला नको."

इद्रीस अर्धा चहा तसाच ठेवून उठला आणि घरी गेला. त्यानंतर त्याने तलावावर पाय ठेवला नाही. पुढे नावेदही कतारला गेल्याचं कानावर आलं, तेव्हा पुंडलिक बायकोला म्हणाला, "बघ. मनात काय नसतं तर पोरगा पळाला असता का?" चंद्रावतीला ते पटलं नव्हतं. पण माशांच्या बाबतीत नवऱ्यापुढे बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून ती गप्प राहिली. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटली.

चैत्र सरता सरता तलावाचं पाणी गुडघ्यावर आलं. उघाडीजवळच्या खड्ड्यात पुंडलिकने जाळं ओढलं आणि त्यात एक धूड अडकलं. चंद्रावती पेणच्या बाजारात मासळी विकायला बसते, असले जिताडे तिच्या हाताखालून गेलेत. पावसाळ्यात सोडलेलं पिल्लू उन्हाळ्यापर्यंत एवढं होत नसतं, हे तिला बघताक्षणी कळलं. हा त्याच्याही आदल्या सालचा होता.

पिल्लं सोडायच्या आधी तलाव पार चिखलापर्यंत सुकवतात, कारण जुना जिताडा एक जरी राहिला तरी तो पिल्लांना सोडत नाही. हे इथं पोरासोरांनाही माहीत असतं. गेल्या उन्हाळ्यात लग्नसराईच्या घाईत पुंडलिकने एकदाच जाळं फिरवलं आणि हात झटकले. इद्रीस म्हणाला होता, "खड्डा उपसून घेऊया." त्यावर पुंडलिक म्हणाला होता, "मी बघितलंय ना." त्याने बघितलंय म्हटल्यावर विषय संपला.

अंगणात विळी मांडून चंद्रावतीने त्याचं पोट फाडलं. आत दीड वितीचा जिताडा निघाला, अख्खा. डोक्यावरची कातडी तेवढी विरायला लागलेली, बाकी अंगावर कुठे ओरखडासुद्धा नाही. तिने मोठ्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. खालचा जबडा पुढे सरकला आणि तोंड एवढं पसरलं की तिची मूठ मनगटापर्यंत आत गेली. बोटांना दात म्हणावा असा लागला नाही, नुसती कानशीसारखी खरखर लागली. चावायला याच्याकडे काही नव्हतंच. हा झटकन तोंड उघडतो, पाणी आत ओढलं जातं आणि पाण्याबरोबर पिल्लूही जातं. मग मागे राहणार काय, डोंबल?

"अवो, हिकडं या," तिने हाक मारली.

पुंडलिक आला आणि वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "एकटा किती खाईल?"

"एकटा कशाला? यानं खाल्ली, मग उरल्यातली जी दांडगी झाली त्यांनी बारकी खाल्ली. हे मी तुम्हाला सांगू?"

त्याला सगळं कळलं होतं. वाटेवर कुणी आहे का ते त्याने बघून घेतलं. "कोणाला बोलू नको," तो हळूच म्हणाला. "झालं ते झालं. नाक्यावर लोक थुंकतील माझ्यावर."

"थुंकू दे," चंद्रावती म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी असं बोलली नव्हती. तिने पोटातला मासा ताटात ठेवला, वर फडकं टाकलं आणि तशीच मोहल्ल्याची वाट धरली.

इद्रीस ओट्यावर एकटाच बसला होता. "या वयनी," म्हणाला, पण सरकून जागा केली नाही. तिने ताट त्याच्यासमोर ठेवलं आणि फडकं काढलं.

"हा आदल्या सालच्या जिताड्याच्या पोटात गावला. खड्ड्यात राहिला होता तो. नावेदनं काय घेतलं नाय, इद्रीसभाव. आमचं चुकलं."

इद्रीसने मासा उचलला. या अंगाने बघितला, त्या अंगाने बघितला, पोटाखालून अंगठा फिरवला. तो शिव्या देईल, ताट भिरकावेल, याची ती तयारी करून आली होती. त्याने तसलं काही केलं नाही.

"वयनी, मी त्याला मारला," तो म्हणाला.

"कोणाला?"

"नावेदला. नाक्यावरनं आलो नि मारला. तो शपथ घ्यायला कुराण उचलायला निघाला. म्हणला, अब्बा, मी नाय घेतली. मी म्हणलं, हात लावू नको त्याला, पुंडलिक चुकत नाय." त्याने मासा ताटात ठेवला, पण हात तसाच पुढे धरून राहिला. "जाताना भेटलासुद्धा नाय. थोरल्यांकडनं कळतं, बरा हाय. माझा फोन उचलत नाय."

सांत्वन करायला तरी कोणत्या तोंडाने करणार, आग लावणारं घर तिचंच. तिने कमरेचा मोबाईल काढला आणि नावेदला व्हॉट्सअपवर फोन लावला. बराच वेळ वाजला. मग पलीकडे यंत्रांचा आवाज ऐकू आला आणि त्यातून नावेदचा.

"काकी?" तो म्हणाला, आणि तिला बोलायला सवड न देता घाबऱ्या आवाजात विचारलं, "काकी, अब्बाला काय झालं काय?"

"काय झालं नाय रे. बरे हायत. हे काय, हितंच हायत." तिने फोन इद्रीसच्या कानाला लावला.

इद्रीसने तो दोन्ही हातांनी धरला. फोनमधून "अब्बा? अब्बा, बोला ना," असं ऐकू येत राहिलं. बापलेकांत आपण उभं राहू नये म्हणून चंद्रावती ओटा उतरली.

फाटकाबाहेर पुंडलिक उभा होता. तिच्या मागोमाग आला होता, पण आत यायचा धीर झाला नव्हता.

"जा," ती म्हणाली. "पोरगा फोनवर हाय तवर जा. दोघांना एकदमच सांगा."

पुंडलिकने ओट्याखाली चपला काढल्या. पहिली पायरी चढायला मात्र त्याचा पाय उचलेना.